डोंगरवाटांची देखभाल आणि दुरुस्ती : श्रमदानाला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पहिल्यांदाच येत असाल तर पाण्याबद्दलचे प्रश्न आधी वाचा. बाकीचे कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. पाण्याचे गणित कळल्याशिवाय हातात टिकाव घेतला तर बहुतेक वेळा वाटेचे नुकसानच होते.

मला कसलाच अनुभव नाही. मी येऊन उपयोग होईल का?

होईल. चरातला गाळ काढणे, कडेचा वरंबा फोडणे, छाटलेल्या फांद्या ओढून नेणे, भरणीसाठी डबर (ओबडधोबड दगड) वेचून आणणे ही कामे अर्ध्या तासात शिकता येतात आणि वाटेचा जीव त्यांच्यावरच टिकून असतो. दगडी पायऱ्या, कोरडी ताल (सिमेंट न लावता रचलेली दगडी भिंत), मोठ्या ओंडक्यांवर करवत चालवणे ही कामे मात्र जाणत्या माणसाच्या हाताखालीच करायची.

ताकदीचा अंदाज घेताना फक्त चढाई धरू नका. अवजारे घेऊन वर जायचे, पाच-सहा तास वाकून काम करायचे आणि थकलेल्या पायांनी तीच अवजारे घेऊन खाली उतरायचे, असा पूर्ण दिवस धरा. घसरून पडण्याचे प्रसंग उतरतानाच जास्त येतात.

परवानगी लागते का? चांगलेच काम तर करतोय.

लागते, आणि लेखी. जमीन ज्याच्या ताब्यात आहे, मग ते वनखाते असो, अभयारण्य असो, गाव असो की खासगी मालक, त्याची संमती नसताना जमीन खणणे किंवा झाडे तोडणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी कारण पटण्यासारखे आहे. त्या उतारावर एखाद्या पक्ष्याची वीण चालू असेल, एखादी दुर्मीळ वनस्पती असेल, किंवा वाट दुसरीकडे हलवायचे आधीच ठरले असेल. हे जमीन सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असते. जुने बांधकाम, कोरीव पायऱ्या किंवा पडलेली तटबंदी जवळ असेल तर तिथला एकही दगड कामासाठी उचलायचा नाही. ढिगाऱ्यात पडलेला दगडही त्या वास्तूचाच भाग असतो.

वाट बिघडते ती नेमकी कशामुळे?

सुरुवात पायांनी होते, शेवट पाणी करते.

माणूस वाटेच्या मधोमध चालतो. तिथली माती दाबली जाते, गवत मरते, मातीतल्या पोकळ्या बुजतात आणि पाऊस मुरायचा थांबतो. मधला भाग खाली जातो. पायांनी सैल झालेली माती दरीकडच्या कडेला साचते आणि तिथे वरंबा तयार होतो. आता ती वाट राहत नाही, दोन काठांचा पाट होतो. वरून आलेले पाणी त्यात शिरते आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे वाटेवरूनच धावत सुटते. जितके लांब धावेल तितका वेग वाढतो. जलशास्त्रातला जुना नियम असा की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो लोटू शकणाऱ्या दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते. म्हणून वाटेच्या वरच्या टोकाला नुसती माती वाहिलेली दिसते आणि खालच्या टोकाला गुडघाभर खोल घळ.

घळीतून चालणे त्रासाचे असते, म्हणून लोक शेजारच्या गवतावरून जातात. काही दिवसांत तिथे दुसरी वाट मळते, तीही खचते, मग तिसरी. एक हात रुंद वाटेचा असा दहा हात उघडा उतार होतो. त्यामुळे बिघडलेल्या जागी पोचल्यावर दोनच गोष्टी शोधायच्या: पाणी वाट सोडून कुठे जाऊ शकेल, आणि माणूस वाट का सोडतोय.

नवखे लोक खराबी दिसते तिथेच काम सुरू करतात. इलाज बहुधा तिथे नसतो. घळीच्या बाजूने वर चढत जा आणि पाणी पहिल्यांदा वाटेत शिरते ती जागा गाठा. भर पावसात छत्री घेऊन एकदा वाट चालून पाहिली तर कोरड्या दिवसांतल्या चार फेऱ्यांपेक्षा जास्त कळते. फक्त वीज चमकत असेल किंवा ओढे भरलेले असतील तेव्हा जाऊ नका.

वाटेला चढ किती असावा? आणि मोजायचा कसा?

सरासरी १० टक्के, म्हणजे १०० मीटर चालल्यावर १० मीटर उंची. थोड्या अंतरापुरता जास्त चढ चालतो, विशेषतः कातळावर. पण त्याला दुसरी मर्यादा आहे: वाटेचा चढ त्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांपर्यंत. निम्म्याहून जास्त झाला की पाण्याला वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेवरूनच पळणे सोपे जाते. सपाटीवरची वाट चिखलाची का होते याचेही उत्तर यातच आहे: उतारच नसल्यामुळे पाण्याला जायला जागा नसते.

मोजायला १० मीटर दोरी, दोन माणसे, एक पाणसळ (पातळी पाहायचे साधन) आणि मोजपट्टी पुरे. वरचा माणूस दोरीचे टोक जमिनीला टेकवतो, खालचा ती ताणून पाणसळीत आणतो आणि जमिनीपासून दोरीची उंची मोजतो. १ मीटर आली तर चढ १० टक्के. मोबाइलवरचे ॲप वापरत असाल तर अंश आणि टक्के यांची गल्लत करू नका. १० टक्के म्हणजे जेमतेम ६ अंश. २० टक्के म्हणजे सुमारे ११ अंश. ही गल्लत फार होते, आणि १० अंशांची वाट आखून बसल्यावर ती १८ टक्क्यांची निघते.

वाट उतारावरून सरळ नाकासमोर चढत असेल तर तिथे कितीही चर खणा, पाणी बाहेर जाणार नाही, कारण दोन्ही बाजूंची जमीन वाटेइतकीच उतरती असते. अशी वाट आडवी घेऊन नव्याने आखणेच खरे. नवी आखणी करताना आधी रंगीत फिती बांधून ती वाट वरून खाली आणि खालून वर अशी दोन्हीकडून चाला. खोदाई करताना वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कापून काढायची. अर्धी कापून उरलेली निम्मी त्याच मातीच्या भरावावर केली तर काम लवकर उरकते, पण दरीकडची बाजू पहिल्या-दुसऱ्या पावसात खचते. पालापाचोळा आणि काळी भुसभुशीत माती पूर्ण काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत जा. तो कुजका थर पाणी धरून ठेवतो आणि पायाखाली दबत राहतो.

पाणी वाटेबाहेर काढण्याचे प्रकार कोणते? आधी कोणता करायचा?

सर्वांत साध्यापासून सुरुवात करायची. पुढचे काम आधीच्याने भागत नसेल तरच.

पहिले, वरंबा फोडणे आणि ढाळ देणे. दरीकडच्या कडेला साचलेला वरंबा टिकावाने सैल करा, दाताळ्याने ओढा आणि वाट डोंगराकडून दरीकडे हलकी उतरती करा. १ मीटर रुंदीला ५ सेंटीमीटर ढाळ पुरतो. पाण्याची भरलेली बाटली वाटेवर आडवी ठेवली आणि ती दरीकडे गडगडली तर ढाळ आला. काढलेली माती वाटेच्या खचलेल्या भागात टाकण्याचा मोह होतो. ती सैल माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि खालचा चर भरते. ती दरीच्या बाजूला पातळ विखरून टाका. फक्त वरंबा फोडून सुधारलेले पट्टे खूप आहेत, आणि हे काम लोकांना सर्वांत कमी आकर्षक वाटते याचे वाईट वाटते.

दुसरे, बशीसारखा उतार. वाटेच्या लांबीत सुमारे ३ मीटरचा अर्धगोल भाग दरीकडे जास्त उतरता करायचा, मध्यावर ढाळ १५ टक्क्यांपर्यंत. कडा हळूहळू मिसळल्या पाहिजेत, चालणाऱ्याला खड्डा जाणवता कामा नये. बाहेरची जमीन वाटेपेक्षा खाली असेल तिथेच हे जमते.

तिसरे, चढउताराची लाट. वरीलप्रमाणे बशी करून तिच्या खालच्या अंगाला त्याच मातीचा ३ ते ५ मीटर लांब, अगदी सौम्य उंचवटा धुमसाने ठोकून घट्ट करायचा. वाटेचा उतार क्षणभर उलटा होतो आणि पाण्याला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मातीच्या वाटेवर, मध्यम चढावर, आमच्या मते यापेक्षा चांगली रचना नाही. अडकायला काही नसते, कुजायला काही नसते, देखभाल थोडी.

चौथा, दगडाचा किंवा लाकडाचा आडवा बांध. जास्त चढावर आणि आधीच खोल गेलेल्या वाटेवर हा लागतो.

आडवा बांध कसा घालायचा आणि तो निकामी का होतो?

बांध वाटेला काटकोनात घालायचा नाही; वाटेच्या दिशेशी ४५ ते ६० अंशांचा तिरका, खालचे टोक दरीकडे. काटकोनात घातला तर पाणी थबकते, गाळ टाकते आणि काही सरींत बांध भरून सपाट होतो. फारच तिरका घातला तर पाणी वेगाने बांधाला घासत जाते आणि त्याच्या पायातली माती पोखरते.

लाकूड वापरत असाल तर २० ते २५ सेंटीमीटर जाडीचे, साल काढलेले, कुजायला वेळ लागणाऱ्या जातीचे. लांबी वाटेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना किमान ३० सेंटीमीटर जास्त. डोंगराकडचे टोक कडेच्या मातीत घुसलेच पाहिजे. दोन तृतीयांश जाडी जमिनीत गाडा. दगडाचा बांध करायचा तर चपटे दगड उभे लावा, एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले, वरच्या बाजूचा दगड खालच्यावर अशा क्रमाने, म्हणजे पाण्याला सांध्यात शिरता येत नाही. तेही दोन तृतीयांश जमिनीत. लावून झाल्यावर त्यावर उभे राहून उड्या मारा. जरा जरी हलला तर काढा आणि पुन्हा बसवा.

बांधाच्या वरच्या अंगाला सुमारे ३० सेंटीमीटर रुंद चर आणि वाटेबाहेर किमान १ मीटर, जमीन सपाट असेल तर २-३ मीटर लांब निर्गम चर काढा. निर्गमाचे तोंड रुंद होत गेले पाहिजे; अरुंद राहिले की पहिल्या पानांच्या ढिगाने ते बंद होते. पाणी पडते तिथे हाताच्या पंजाएवढे चार-सहा दगड पसरून ठेवा, नाहीतर तिथून नवी ओघळ सुरू होते. चर खणताना तो वाटेखालच्या पुढच्या वळणावर तर पाणी सोडत नाही ना, हे पाहा.

अंतर चढावर आणि मातीवर ठरते. मध्यम मातीत सुरुवातीचा अंदाज असा: ६ टक्के चढावर ३० मीटरला एक, १० टक्क्यांवर १५ मीटरला एक. भुसभुशीत मातीत आणखी जवळ. पण हे आकडे डोळे झाकून लावू नका. पाणी बाहेर जाऊ शकेल अशी जागा १२ मीटरवर असेल तर तिथेच घाला.

निकामी होण्याची कारणे नेहमीची आहेत. बांध आखूड पडला आणि पाणी टोकाला वळसा घालून गेले. बांध उंच राहिला, लोकांना पाय उचलावा लागला, म्हणून ते कडेने गेले आणि तिथे नवी वाट झाली. आणि सर्वांत मोठे कारण: बांधला आणि नंतर कुणी फिरकलेच नाही. गाळाने भरलेला बांध नसल्यात जमा आहे.

मग साफसफाई कधी करायची?

पाऊस सुरू होण्याआधी एकदा, पहिल्या मोठ्या सरींनंतर एकदा, हंगाम संपल्यावर एकदा. पानगळ जास्त असेल तर तिच्यानंतरही. दोन माणसे, एक फावडे, एक दाताळे. चरातला गाळ काढून वाटेच्या खालच्या बाजूला टाका. वरच्या बाजूला टाकला तर तो परत चरातच येतो. निर्गमाचे तोंड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चर स्वच्छ आणि तोंड बंद असे फार वेळा आढळते.

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर स्वयंसेवक यासाठीच खास फेऱ्या काढतात. त्यांना ते ‘ड्रेन रन’ म्हणतात: फावडे घेऊन वाट चालायची आणि दिसेल तो चर मोकळा करत जायचे. वर्षातून एकच दिवस देता येत असेल तर तो नवे काही बांधण्यापेक्षा अशा फेरीला द्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पायऱ्या कराव्यात का?

दुसरा काही उपाय नसेल तरच. पायरी पाणी थांबवत नाही, फक्त माणसाला वर नेते. वरून येणारे पाणी आधी वळवले नाही तर ते पायऱ्यांवरून धबधब्यासारखे उड्या घेते आणि प्रत्येक पायरीच्या पायात खड्डा पाडते.

करायच्याच झाल्या तर उंची १५ ते २० सेंटीमीटर, पाय टेकायला खोली किमान ३० सेंटीमीटर. सर्व पायऱ्यांची उंची शक्य तितकी सारखी ठेवा; मध्येच एक उंच आली की लोक तिथूनच कडेला उतरतात. काम नेहमी तळापासून वर. वरच्या पायरीचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर ८ ते १० सेंटीमीटर चढला पाहिजे, म्हणजे वरच्या दगडाचे वजन खालच्याला जागेवर धरून ठेवते. नुसता मागे टेकवून ठेवलेला दगड काही महिन्यांत पुढे झुकतो. वरचा पृष्ठभाग किंचित पुढे ढाळाचा, पाणी साचू नये इतकाच. मागची पोकळी चिपांनी (दगडाच्या लहान तुकड्यांनी) ठासून भरा. मातीने भरलेली पोकळी पहिल्या पावसात रिकामी होते.

दोन्ही बाजूंना ओबडधोबड, उभे, पाय ठेवायला नको वाटतील असे दगड लावा. हे केले नाही तर पायऱ्या रिकाम्या राहतात आणि लोक शेजारच्या मातीवरून चढतात, कारण थकलेल्या पायाला पायरीपेक्षा उतार बरा वाटतो.

साहित्याचा हिशेब आधी करा. ३ मीटर उंची चढायला १८ सेंटीमीटरच्या सुमारे १७ पायऱ्या लागतात. सवयीचे चार जण दिवसाला तीन-चार पायऱ्या नीट बसवतात.

मोठे दगड हलवायचे कसे?

आधी वजनाचा अंदाज. ४० बाय ४० सेंटीमीटरचा, २० सेंटीमीटर जाड काळा दगड ८५ किलोच्या घरात जातो. असा दगड उचलायचा नसतो. तो गडगडवायचा, सरकवायचा, पहारीवर फिरवायचा. दीड मीटरच्या दोन पहारी आणि टेकूला एक छोटा दगड असेल तर दोन माणसे २०० किलोचा दगडही इंच-इंच नेतात. पहार जमिनीला समांतर नेऊन टोक दगडाखाली घुसवा, टेकू दगडाच्या अगदी जवळ ठेवा आणि खाली दाबा. पहारीवर बसू नका; दगड सुटला तर पहार उसळते.

दगड नेहमी वरून खाली आणा, खालून वर नाही. खाली कुणी नाही याची खात्री करायला एक माणूस वेगळा ठेवा. दगड सुटला तर एकच हाक: ‘दगड!’ मागे धावायचे नाही, पायाने अडवायचे नाही. चीप बसवताना बोटे दगडाखाली घालायची नाहीत, काठीने ढकलायची. जमिनीतला दगड उलटताना पलीकडची कड उचला, म्हणजे उघडी बाजू तुमच्यापासून दूर राहते. खाली साप किंवा विंचू असला तर त्याला पळायला वाट मिळते.

दगड वाटेच्या कडेचे उपटू नका. ते माती धरून बसलेले असतात. दूरवरून, वेगवेगळ्या जागांहून आणा आणि पडलेले खड्डे बुजवा.

ढासळलेली कड सावरायला कोरडी ताल कशी रचायची?

पाया घट्ट जमिनीत किंवा कातळावर, आणि किंचित डोंगराकडे झुकलेला. सर्वांत मोठे दगड तळाला. दगडाची लांब बाजू आत डोंगरात, अरुंद तोंड बाहेर; दिसायला सुंदर म्हणून लांब तोंड बाहेर लावलेली ताल फुगून पडते. सांधेमोड पाळा: दोन दगडांच्या सांध्यावर एक दगड, एका दगडावर दोन. उभा सांधा दोन थरांतून सलग गेला की तिथून ताल उघडते. भिंत दर ४ हात उंचीला सुमारे १ हात आत कललेली हवी. अधूनमधून पूर्ण खोलीचा आरपार दगड घाला. मागची भरणी चिपांची, थराथराने, रचत जाताना. शेवटी वरून ओतलेली माती म्हणजे पाण्याने फुगणारी पखाल.

सिमेंट लावले तर कायमचे काम होणार नाही का?

नाही. डोंगराची माती पाण्याने फुगते, सुकली की आकसते, हळूहळू सरकते. कोरडा दगड तिच्याबरोबर थोडा हलतो आणि पाणी फटींतून जाऊ देतो. सिमेंटचा सलग तुकडा हलत नाही. पाणी खालून माती पोखरते, तुकडा पोकळीवर अधांतरी राहतो आणि एक दिवस मोडतो. मग सळया आणि तुकडे खाली वाहून नेण्याचे काम उरते. पायऱ्यांसाठी प्लास्टिकच्या गोण्यांत माती भरून ठेवणे त्याहून वाईट. उन्हाने गोणी विटते, फाटते आणि तिचे धागे ओढ्यात जातात.

चिखलाच्या पट्ट्यावर काय करावे?

आधी पाणी कुठून येते ते पाहा. पुष्कळदा वरच्या बाजूला एक चर काढला की पट्टा आपोआप सुकतो. जमिनीतूनच झरा असेल तर वाट उचलून घ्यावी लागते. दोन्ही कडांना मोठ्या दगडांच्या ओळी, मध्ये माती आणि खडी मिसळू न देणारे जिओटेक्स्टाइलचे कापड, त्यावर १५ सेंटीमीटर डबर, त्यावर मुरूम. मधला भाग कडांपेक्षा ५ सेंटीमीटर उंच ठेवून धुमसाने ठोका. कापड न घालता टाकलेला डबर एका हंगामात चिखलात बुडतो. फांद्या आणि पालापाचोळा टाकणे हा उपाय नाही. ते कुजते आणि चिखल वाढतो.

शॉर्टकट आणि जुन्या वाटा बंद कशा करायच्या?

आधी मूळ वाट चालायला सोपी करा. खराब वाट तशीच ठेवून शॉर्टकटवर काटे टाकले तर लोक काटे बाजूला करतात.

मग शॉर्टकटचे तोंड दिसेनासे करा. वरून आणि खालून दिसणारे पहिले ५ ते १० मीटर सर्वांत महत्त्वाचे. तिथे दबलेली माती १० सेंटीमीटरपर्यंत टिकावाने सैल करा, नाहीतर बी रुजणार नाही. सैल केलेली माती वाहू नये म्हणून दर काही मीटरवर दगडांचे छोटे आडवे अडसर घाला. मागे गाळ साचतो आणि त्यात गवत येते. वाळलेल्या मोठ्या फांद्या आडव्या टाकण्यापेक्षा बुंध्याकडून जमिनीत खोचून उभ्या करा. दुरून झुडूप असल्यासारखे दिसते. लागवड करायची तर त्याच उतारावरच्या जाती, तिथलेच बी. बाहेरून आणलेल्या बियांच्या पाकिटातून तण येते आणि मग ते पूर्ण डोंगर धरते.

झुडपे आणि फांद्या किती छाटायच्या?

पायी वाटेसाठी सुमारे १.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच बोगदा मोकळा असावा. डोंगराकडची बाजू जास्त छाटा. तिकडच्या फांद्या माणसाला दरीकडे ढकलतात. दरीकडची झुडपे शक्य तितकी राखा, ती कड धरून ठेवतात.

जाड फांदी तीन कापांत: खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडे पुढे वरून काप म्हणजे फांदी साल न सोलता तुटते, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वलयाच्या बाहेरून. वलय कापले तर जखम भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कुणाच्या डोळ्यात जातो. झुडपे जमिनीलगत कापा. तिरका कापलेला, घोट्याएवढा उरलेला खुंट हा वाटेवरचा भाला आहे. विणीच्या हंगामात छाटणी टाळा. उभी झाडे पाडणे आणि लटकलेला ओंडका सोडवणे ही प्रशिक्षित माणसांची कामे आहेत.

कोणती अवजारे लागतात?

दहा जणांच्या गटाला साधारण एवढी: ३ टिकाव किंवा कुदळी, ३ फावडी, २ दाताळी, ४ घमेली, २ पहारी, १ घण, १ धुमस, २ छाटणीच्या कात्र्या, २ हातकरवती, मोजपट्टी, दोरी, पाणसळ. दहा जणांना दहा टिकाव नकोत. निम्मे लोक माती आणि दगड वाहतच असतात.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी दोन अवजारे वणव्याच्या कामातून आली. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवे पाते असलेल्या अवजाराला एडवर्ड पुलास्की या अमेरिकी वनाधिकाऱ्याचे नाव आहे. १९१० च्या मोठ्या वणव्यात आपल्या माणसांना वाचवणारा तो हाच. मॅकलाउड या दुसऱ्या अवजाराला एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला रुंद पाते असते. ढाळ देण्याला त्याच्यासारखे अवजार नाही, पण ते नसेल तर दाताळे आणि फावडे यांवर भागते.

दांडा सैल आहे का ते निघण्याआधी पाहा. धार बोथट असेल तर कानस मारा. बोथट अवजार उसळून पायावर येते.

सुरक्षिततेचे कोणते नियम पाळावे लागतात?

- अवजार चालवणाऱ्या दोघांत किमान ३ मीटर अंतर. जवळून जायचे असेल तर हाक द्या, तो थांबून पाहील तेव्हाच जा.
- चालताना अवजार हातात, दरीकडच्या बाजूला, पाते खाली. खांद्यावर कधीच नाही: घसरलात तर ते मानेवर येते.
- वाटसरू आले की काम थांबवा आणि अवजारे खाली ठेवा.
- घोटा झाकणारे बूट, हातमोजे, लांब बाह्या. दगड फोडताना चष्मा. वर कुणी काम करत असेल तर हेल्मेट.
- उन्हात तासाला सुमारे पाऊण लिटर पाणी, थोडे थोडे करून.
- धनुर्वाताची लस घेऊन १० वर्षे उलटली असतील तर येण्याआधी घ्या.
- गडगडाट ऐकू आला की लोखंड खाली ठेवून डोंगराची धार सोडा.

एका दिवसात किती काम होते?

दहा जणांचा गट १ ते २ किलोमीटरवरचे चर साफ करतो, किंवा ६० ते १०० मीटर वरंबा फोडून ढाळ देतो. नवी वाट पूर्ण कापून काढायची तर माणशी ३ ते ५ मीटर. यापेक्षा जास्त ठरवले तर संध्याकाळी अर्धवट खोदलेली, सैल मातीची वाट मागे राहते, आणि न खोदलेल्या वाटेपेक्षा ती लवकर वाहून जाते. दुपारी नवा पट्टा उघडू नका.

एखादा पट्टा आमच्या गटाने कायमचा सांभाळायला घ्यावा का?

जमत असेल तर हीच सर्वांत चांगली पद्धत. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे, १४ राज्यांतून जाते. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली, आणि आजही तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक मंडळे आपापले पट्टे वाटून घेऊन करतात. तुमच्यासाठी २-३ किलोमीटर पुष्कळ झाले. वाटेच्या सुरुवातीपासून मीटरमध्ये अंतर मोजून प्रत्येक चर, बांध आणि पायरीला क्रमांक द्या, एकाच जागेवरून दरवर्षी फोटो काढा. कोणता बांध भरतो आणि कोणता कोरडा राहतो हे दोन हंगामांत कळते. कोरडा राहिला तर तो चुकीच्या जागी आहे.

मी एकटाच चालत असलो तर काय करू शकतो?

भरलेला चर दिसला तर बुटाच्या टाचेने किंवा काठीने तोंड मोकळे करा. आडवी पडलेली हलकी फांदी उचलून खालच्या बाजूला टाका. चिखलातून सरळ जा, कडेने नको. दगड रचून मनोरे करू नका आणि दिसलेले मोडूही नका. धुक्यात कुणी त्यांच्यावर वाट शोधत असेल. मोठी खराबी दिसली तर दोन फोटो काढा, एक जवळून, शेजारी काठी किंवा पाण्याची बाटली ठेवून, आणि एक दहा-पंधरा पावले मागून. जागेचे अक्षांश-रेखांश आणि पाणी कोणत्या बाजूने शिरते आहे हे लिहून वाट सांभाळणाऱ्या गटाकडे पाठवा. पाण्याची दिशा लिहिलेली असेल तर योग्य अवजारे घेऊन एकाच फेरीत काम होते.